रानबाची हद्द तीन पंप

सातपुड्याच्या पोटातल्या सर्व भुयारांना, त्यांत वस्तीला असलेल्या राक्षसांना, वेताळांना, दोन डोक्यांच्या सापांना, आणि बुलढाणा शहर व परिसरातल्या तमाम वीरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बाण मोजण्याचा कायदा रद्द झालेला नाही. कायदा करणारा गेला म्हणून कायदाही गेला, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. येथून पुढे प्रत्येक बाण मोजला जाईल, प्रत्येक दोरखंड वजनात धरला जाईल, आणि सोन्याने भरलेली पेटी काखेत मारून जो कुणी पळताना दिसेल त्याला जागेवरच थांबवून विचारलं जाईल, की बाबा रे, पुरावा काय? हुकमावरून.

कसं झालं, मिलिंद? माइक नव्हता, पण उभा राहूनच म्हटलं. आयुष्यभर मी लोकांच्या लग्नात, वास्तुशांतीत, सेवापूर्तीच्या समारंभात माइक धरला आणि तू मागच्या रांगेत बसून माझी वाट लावलीस. "वधूपित्याच्या डोळ्यांत आज आनंदाश्रू दाटले आहेत," असं मी जरा आवाज जड करून म्हणावं, आणि मांडवाच्या टोकाकडून तुझा आवाज यावा, "ए नाटक्या, तो रडून नाई राह्यला बे, चुलीचा धूर गेला त्याच्या डोयात." सगळा मांडव हसायचा. माझं वाक्य तिथेच पडायचं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच लोक माझ्याकडे नीट लक्ष द्यायला लागायचे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण माइक समोर असून मी नाही म्हटल्याचं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मग बाकीचे बोलले. कोर्टातली तुझी नोकरी, तुझं शिक्षण, तुझी शिस्त, सगळं आलं. एक जण म्हणाला, मिलिंदराव अतिशय मनमिळाऊ होते. माझ्या शेजारी दिगंबर बसला होता, तुझा आणि माझा दिगू. तो मान न वर करता माझ्या कानाशी पुटपुटला, "मनमिळाऊ? दरवाज्यापायी माह्याशी अख्खा रविवार भांडला हा." आणि आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले पुरुष पांढऱ्या कपड्यांत, तुझ्या फोटोसमोर, हसू दाबता दाबता रडायला लागलो. लोकांना वाटलं, नुसतंच रडताहेत.

वाचणाऱ्यांना खेळ सांगावा लागेल. तुला कंटाळा येईल, पण ऐक. तुझी साक्षी पुण्याला शिकायला गेली आणि सुट्टीत येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचा एक फासा घेऊन आली. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. समोर राक्षस आला की सूत्रधार विचारणार, आता काय करतोस? वीर म्हणणार, तलवार मारतो. मग फासा टाकायचा. जास्त पडलं तर राक्षस जखमी, कमी पडलं तर तलवार हवेत. एवढंच. साक्षीने आपल्या तिघांना दोन दिवस शिकवला आणि ती पुण्याला परत गेली. आपण मात्र त्या भुयारातच राहिलो, वर्षानुवर्षं, दर रविवारी जेवणं झाली की, तुझ्या पुढच्या खोलीत, दिवाणावर चादर सरळ करून.

मी सूत्रधार. ते काही ठरवावं लागलं नाही. दिगू झाला बुटका लोहार, हातात लोखंडी गदा, आणि नाव घेतलं खलबत्ता. सहा फूट उंचीचा, दारातून वाकून येणारा दिगू बुटका झाला म्हणून वैशाली वहिनी स्वयंपाकघरातून हसल्या होत्या ते मला आठवतं. तू झालास तिरंदाज. रानबा. तुला विचारलं, वेश काय, कुळ काय, केस कसे? तू म्हणालास, "केस राहू दे. बाण किती?"

तिथेच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

पहिल्याच लढाईत मी रंगात आलो होतो. "रानबाने प्रत्यंचा कानापर्यंत ओढली! सूं करून बाण सुटला! राक्षसाच्या छातीत..."

"किती उरले?"

"काय किती उरले?"

"बाण."

"भरपूर."

"भरपूर म्हंजे किती?"

"अरे बाबा, गोष्ट आहे ही! गोष्टीत कधी बाण संपतात का?"

तू चष्मा काढून पुसलास. कोर्टात वकील चुकीचं बोलला की तू असाच पुसत असशील. "संपत नसतीन तर मी नेम कायले धरू?"

 मी लगेच दोन डोक्यांचा साप सोडला. सूत्रधाराला एवढी सोय असते.

पुढच्या रविवारी दिगू घाटाखालच्या त्याच्या शेतातून तुरीच्या वाळक्या काड्यांची मोळी घेऊन आला, तुझ्याच सांगण्यावरून. एक काडी म्हणजे एक बाण. बाण सोडला की काडी हातानेच मोडायची. लढाई संपल्यावर वीराने थांबून, वाकून, शोधून बाण गोळा केले तर फाशावर जेवढे पडतील तेवढे परत. ती काडी मोडल्याचा कट्ट असा आवाज यायचा, आणि मी कितीही रंगवून सांगितलं असलं तरी त्या आवाजाने खोलीत एकदम शांत व्हायचं. तू काडी मोडताना नेहमी थोडा थांबायचास. दिगू ओरडायचा, "मोड ना बे मिल्या, काडी हाय, हात नाई!" आणि तू म्हणायचास, "पाहून तर घेऊ दे, कुठी लागते ते." संध्याकाळी खोली झाडताना वहिनी तुकडे गोळा करायच्या आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "बाप्ये म्हातारे होऊन राह्यले अन् घरात काड्या मोडून राह्यले."

दिगूचा त्रास बाणांचा नव्हता, ओझ्याचा होता. खलबत्त्याला जे दिसेल ते हवं. मेलेल्या राक्षसाची ढाल, मेलेल्या राक्षसाचे जोडे, तांब्याचे हंडे, साखळदंड, एका देवडीवरची घंटा. शेवटी एका दालनाचा दरवाजा त्याने बिजागरीसकट उपटला.

"दरवाजा कुठी नेतं?" तू विचारलंस.

"घरी. सागवानी हाय."

"पाठीवर हंडे हायत, घंटा हाय, साखयदंड हाय. दरवाजा कशावर नेतं?"

"डोक्यावर."

"अन् लढतं कशानं?"

"तोंडानं," मी मधे म्हटलं.

दुपार गेली, चहा दोनदा झाला, दिगू म्हणे खेळात काय वजन, तू म्हणे वजन नाही तर दरवाजा कशाला, डोंगरच घे उचलून. मी दिगूच्या बाजूने होतो. कबूल. मला तो दरवाजा डोक्यावर घेऊन चाललेला बुटका फार आवडला होता. मी म्हणालो, मिलिंद, वीर आहेत हे, यांना वजन कसलं? तू फक्त म्हणालास, "पुढचा रविवार दिगूच्या वावरात."

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि माझी पाठही विसरणार नाही. कपाशी कमरेला लागत होती. तू दिगूचा फवारणीचा पंप काठोकाठ पाण्याने भरून माझ्या पाठीवर चढवलास. ज्यांनी तो पंप पाठीवर घेतलेला नाही त्यांना सांगतो, पट्टे खांद्यात रुततात आणि आतलं पाणी तुम्ही थांबलात तरी हलत राहतं. वर विहिरीचा दोर गळ्यात. डाव्या हाताला ढाल म्हणून लोखंडी घमेलं. उजव्या हातात कुदळ, म्हणजे तलवार. "तू वीर हायस," तू म्हणालास, "बांधावरच्या निंबापर्यंत पय. दिगू राक्षस हाय, तो मांगून येईन." दिगूने दोन्ही हात वर करून अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या वावरातले बैल दावं तोडायला निघाले.

मी पळालो. वाक्याच्या मध्यापर्यंत जेवढा दम टिकतो तेवढंच पळालो असेन. मग ढेकळात पाय अडकला आणि पंपाने मला मागून ढकलावं तसा मी पऱ्हाटीत आडवा झालो. पंपाचं झाकण उघडून थंड पाणी मानेतून आत गेलं. राक्षस पोट धरून खाली बसला होता, त्याला हसण्यापुढे मला खायचं भान नव्हतं. तू मात्र हसला नाहीस. तू निंबाखालून चालत आलास, माझ्या डोक्याशी उकिडवा बसलास आणि विचारलंस, "राक्षस आला. काय टाकतं?"

"सगळं टाकतो! काढ हे आधी!"

"सगळं नाई. एक एक सांग."

आणि मिलिंद, मी सांगितलं. आधी घमेलं. मग दोर. कुदळ सोडताना जरा थांबलो. तोंडात माती, शर्टात पाणी, आणि तरी मला खरोखर विचार करावा लागला, की ही सोडली तर हातात काय उरलं? तू माझ्याकडे टक लावून पाहत होतास. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता, की तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट पाहिलंच नाही. आता आठवायचा प्रयत्न करतो तर फक्त चष्मा आठवतो, त्यात कपाशी हिरवी दिसत होती.

त्या दिवसापासून आपलं माप ठरलं. पुस्तकात इंग्रजी पौंड होते, ते आपण सोडून दिले. वजन पंपात. एक पंप घेऊन वीर पळू शकतो. दोन घेऊन चालू शकतो. रानबाची शेवटची हद्द तीन पंप, त्यात पाऊल फाशाला विचारून टाकायचं. जगात हा खेळ कुठे कुठे खेळतात मला ठाऊक नाही, पण वीराची ताकद फवारणीच्या पंपात मोजणारे आपण तिघंच असू, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. साक्षीने फोनवर ऐकलं तेव्हा ती एवढी हसली की तिला उचकी लागली. "बाबा, मैत्रिणींना सांगू का?" तू गंभीरपणे म्हणालास, "सांग. पन पंप भरलेला धरा म्हना, रिकामा नाई."

मग तुझा आजार आला.

डॉक्टरांनी तुला सांगितलं, तू वहिनींना सांगितलंस, आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्हाला ते तुझ्या वाक्यांवरून कळलं. तुझी वाक्यं आखूड व्हायला लागली. संभाजीनगरला जाऊन आलास, मग पुन्हा गेलास, मग दिवाणाशेजारी ते श्वासाचं यंत्र आलं, जे सतत घरघरत असतं. पहिल्या रविवारी मी त्यालाच गोष्टीत घेतलं. म्हटलं, भुयारात कुठेतरी ड्रॅगन झोपलेला आहे, ऐका. तू हसलास. त्या हसण्याने तुला दम लागला आणि पुढच्या वेळेपासून मी विनोद मोजून करायला लागलो.

आणि तेव्हाच मी ते केलं, ज्यावरून आपण शेवटचं भांडलो. रानबाजवळ थोडे बाण उरले होते. काडी मोडायला तुला आता दोनदा जोर लावावा लागायचा. मला ते बघवेना. म्हणून लढाई संपल्यावर मी उठून, हात पसरून जाहीर केलं, "आणि काय आश्चर्य! पडलेल्या राक्षसाच्या पाठीवर एक भाता! आत चंदेरी पिसांचे बाण, खच्चून भरलेले!" मी नव्या काड्यांची जुडी तुझ्यासमोर ठेवली.

तू तिला हात लावला नाहीस. "हे राक्षस कोनते होते?"

"गदावाले."

"गदावाल्याच्या पाठीवर भाता कायले?"

"शोभेला."

दिगू हसला. तू हसला नाहीस.  मग तू एक एक शब्द ठेवत म्हणालास, "घरात सगळे मले वाढून देऊन राह्यले. आज चेहरा बरा दिसते, म्हनते. आवाज सुधरला, म्हनते. तू तरी मोजून दे बे."

मी म्हणालो, "मित्राला थोडं जास्त वाढलं तर काय बिघडलं?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मी ती जुडी उचलून पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो. या भांडणाचा निकाल लागलेला नाही, मिलिंद. अजूनही मला वाटतं माझं निम्मं तरी बरोबर होतं. माणूस दमला असेल तर त्याच्या ताटात न विचारता एक पोळी जास्त ठेवायची असते, याला खोटं म्हणत नाहीत. पण तुझं निम्मं कोणतं, ते मला त्यानंतरच्या रविवारी कळलं. तेवढ्यापुरतं तरी तुला सांगायचं राहिलं आहे, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

तो आपला शेवटचा खेळ. इतकी वर्षं आपण ज्याच्यामागे होतो तो निळा खडा रानबाच्या झोळीत आला होता. भुयार कोसळायला लागलं होतं. दूर उजेडाची चीर दिसत होती, तिथला दगडी दरवाजा खाली यायला लागला होता. आणि खलबत्त्याच्या पायावर छताचा धोंडा पडला. मी तो मुद्दाम पाडला नाही, फाशाने पाडला, तू स्वतः पाहिलंस.

दिगू म्हणाला, "जाऊ दे. मी दुसरा वीर बनवतो. तू निंघ मिल्या."

"दुसरा कुठून आनतं? खलबत्ता एकच हाय." तू उशीला टेकून जरा वर सरकलास. "त्याचं वजन किती?"

मी म्हणालो, "चिलखतासकट चार पंप. चिलखत काढलं तर तीन."

"काढ चिलखत."

"काढलं. पण तुझी हद्दच तीन आहे. तुझ्या अंगावर दोर, कंदील, शिधा, खडा, धनुष्य आणि भाता."

मला वाटलं तू आता हिशोब घालशील, कोर्टात घालतोस तसा, आणि काहीतरी पळवाट काढशील. तू म्हणालास, "दोर टाकला." श्वास घेतलास. "शिधा टाकला." पुन्हा श्वास. "कंदील टाकला. तिकडं उजेड हाय, चालते." मग झोळीवर हात ठेवल्यासारखा तू चादरीवर हात ठेवलास. "खडा टाकला."

दिगू ओरडला, "मिल्या, येडा झाला का बे! त्याच्यासाठी तर आलो आपन!"

"अजून किती?" तू मला विचारलंस.

"अजून थोडं. धनुष्य आणि भाता."

तुझ्या हातात काड्या होत्या. तीन उरल्या होत्या. तुझ्या सगळ्या भांडणांतून, मोडताना केलेल्या सगळ्या वेळकाढूपणातून वाचलेल्या तीन. तू त्या न मोडता, एकीला एक लावून, दिवाणाच्या कडेला ठेवल्यास. "धनुष्य टाकलं. आता घे त्याले पाठीवर."

मी सूत्रधार आहे. वाक्य माझंच होतं.  पण तेव्हा मला कळलं, की मी तुला चंदेरी पिसांचे खच्चून बाण दिले असते, वीरांना वजन नाही म्हणून तुझं म्हणणं तेव्हाच मोडीत काढलं असतं, तर त्या दुपारी रानबाने काहीच टाकलं नसतं. खडाही घेतला असता, बुटकाही घेतला असता, दरवाजाही घेतला असता, आणि गात गात बाहेर आला असता. दिगूला पाठीवर घ्यायला त्याला काही सोडावंच लागलं नसतं. मोजलेलं होतं म्हणून ते टाकणं झालं. हे मला तिथेच उभं राहून म्हणायचं होतं. मी ठरवलं, नीट जुळवून, जरा भारदस्त करून म्हणू. येत्या रविवारी.

"घेतलं," मी एवढंच म्हणालो. "बरोबर तीन पंप. आता दरवाजा. फाशावर अकरा किंवा वर पडलं तर दोघंही बाहेर."

"कमी पडलं तर?"

"तर उंबऱ्यावर पाठीवरचं ओझं टाकावं लागेल. नाही तर दोघंही आत."

तू दिगूकडे पाहिलंस. "ते पाहू," म्हणालास, आणि फाशाला हात घातलास. तेवढ्यात वहिनी आल्या. तुझे ओठ निळे पडलेले बघून त्यांनी फासा तुझ्या हातातून काढून घेतला. "बस झालं भाऊजी. दम लागला यायले. रविवारी टाका."

"रविवारी टाकू," तू म्हणालास. त्या रविवारच्या आधीच तू गेलास.

म्हणजे रानबा तिथेच राहिला, बघ. हात रिकामे, पाठीवर दिगू, समोर खाली येत असलेला दरवाजा. बाकी सगळ्यांसाठी तू संपलास. आमच्यासाठी तू त्या भुयारात पाऊल उचललेल्या अवस्थेत उभा होतास, आणि मला झोपायला गेलो की तेच दिसायचं. दिगूला काय दिसत होतं ते मी विचारलं नाही. 

काल वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, रविवार हाय. येनार ना?" मला वाटलं, चुकून. मग त्या म्हणाल्या, "त्यायचा डाव अर्धा हाय."

आम्ही गेलो. दिवाण रिकामा होता. यंत्र परत पाठवलेलं, त्यामुळे खोलीत रस्त्यावरचे आवाज ऐकू येत होते. वहिनींनी फासा आणून चादरीवर ठेवला आणि या वेळी पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात परत न जाता आमच्यात बसल्या. मी घसा साफ केला. तुला सांगतो, मी तयारी करून गेलो होतो. "आणि रानबा," मी म्हणालो, "तीन ढांगांत त्या दरवाज्याखालून..."

"थांब," दिगू म्हणाला. "फासा टाका लागते."

"दिगू, मी सूत्रधार आहे. मी सांगतो, तो बाहेर पडला."

"पुरावा काय?"

मिलिंद, हे तुझं नेहमीचं वाक्य दिगूने म्हटलं. सागवानी दरवाजा डोक्यावर घेऊन निघालेल्या दिगूने. मला त्याच्याकडे बघवेना. तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता. "माह्यानं नाई टाकनं होत," तो म्हणाला. माझ्यानेही होण्यासारखं नव्हतं.

"आना इकडं," वहिनी म्हणाल्या. "किती पाह्यजे?"

"अकरा. किंवा वर."

त्यांनी फासा मुठीत घेतला. तू घ्यायचास तसा हलवला नाही, नुसता चादरीवर सोडून दिला. तो घरंगळत तू टेकून बसायचास त्या उशीपाशी जाऊन थांबला.

चार.

"चार म्हंजे कमी ना?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवली. मला काहीतरी बोलायचं होतं. वारा आला, दरवाजा अडकला, कुणी साधू भिंतीतून प्रकटला, काहीही. तीस वर्षं माइकवर मी कुठलीही वेळ मारून नेली आहे. ही मात्र मला मारून नेता आली नाही. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना नियम माहीत नव्हता, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, की आता त्या भुयारात कुणीतरी काहीतरी टाकायला हवं आणि टाकणारा बोलू शकत नाही.

दिगू फाशाकडे बघत होता.  मग तो गुडघ्यांवर उठला, त्या रिकाम्या उशीकडे तोंड करून, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला,

"मले खाली ठेव बे मिल्या! ठेव मले खाली, अन् तू निंघ!"